संत्र्याच्या ओल्या सालीतून जेलला बळ : काटोल परिसरातील प्रयोगशाळांसाठी एक कृती

हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून बसलेला लवचीक घन. वजनात अनेकदा ऐंशी-नव्वद टक्के पाणी, आणि ते पाणी सांभाळणारे पॉलिमरचे विरळ जाळे. प्रागमधील ओट्टो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव्ह लिम यांनी १९६० साली अशा जेलांवरचा लेख प्रसिद्ध केला आणि त्यातूनच पुढे मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आल्या. भाजलेल्या जखमेवर ठेवायच्या थंड पट्ट्या आणि कूर्चेला पर्याय शोधण्याचे प्रयोग या साऱ्यांत आज हायड्रोजेल आहे. दुखणे मात्र एकच : पाणी भरपूर, म्हणून ताकद कमी. पट्टी जरा ओढली की तुटते, आणि एकदा कडेला चीर गेली की ती थेट पलीकडे पोहोचते.

उपाय जुना आहे. भिंतीच्या गिलाव्याची माती मळताना आपल्याकडे तीत कुटार कालवतात, म्हणजे वाळताना भेग पडली तरी पसरत नाही. जेलमध्ये कुटाराचे काम सेल्युलोजचे नॅनोतंतू करतात. त्यांची जाडी काही नॅनोमीटरपासून काही दशक नॅनोमीटरपर्यंत असते आणि लांबी तिच्या शेकडो पट. सेल्युलोजच्या स्फटिकाचा लांबीच्या दिशेतला ताठपणा १३० ते १४० गिगापास्कलच्या घरात जातो. पोलादाचा २०० असतो, पण पोलाद सेल्युलोजपेक्षा पाचपट जड. साध्या जेलचा ताठपणा काही दहा ते काही शे किलोपास्कल, म्हणजे तंतूपेक्षा लक्षावधी पटींनी कमी. त्यामुळे चिमूटभर तंतूही परिणाम दाखवतात.

हे तंतू लाकडाच्या लगद्यातून काढतात, कापसातूनही काढतात. मुंबईत माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत, म्हणजे ‘सिरकॉट’मध्ये, नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक कारखाना आहे. नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडच्या पट्ट्यात मात्र कापसाइतकाच दुसरा माल हाताशी असतो : संत्र्याची साल. खाली दिलेली कृती त्याच सालीची आहे. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत, घरगुती मिक्सर आणि साधा डीप फ्रीझर वापरून ती करता येते.

साल का, आणि ओलीच का

कापसाच्या तंतूची भिंत जाड आणि घट्ट विणीची असते. तिच्यातले सूक्ष्म तंतू सुटे करायला एकतर महागडे यंत्र लागते किंवा जहाल रसायने. पऱ्हाटीत तर लिग्निनही भरपूर, आधी ते काढण्यातच शक्ती जाते. संत्र्याच्या सालीतला पांढरा, स्पंजासारखा थर पातळ भिंतींच्या पेशींचा असतो. त्यात लिग्निन नगण्य आणि सेल्युलोजचे तंतू पेक्टिनच्या चिकट सारणात सैल बसलेले. पेक्टिन काढले की उरलेला लगदा मिक्सरच्या पात्यालाही दाद देतो. जपानी संशोधकांनी मँडरिन संत्र्याच्या टाकाऊ सालीतून नॅनोतंतू वेगळे केल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. आपले नागपुरी संत्रेही मँडरिन गटातलेच. योगायोगाने त्याच २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

या कृतीतली सर्वांत मोठी अट ही : साल एकदाही वाळू द्यायची नाही. पाणी उडून जाताना शेजारशेजारचे तंतू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी चिकटतात आणि नंतर कितीही भिजवले तरी ते बंध पूर्ण सुटत नाहीत. वाळलेल्या सालीचा लगदा मिक्सरमध्ये तासभर फिरवला तरी हाती जाडसर चोथाच येतो. म्हणून पोत्यात भरून दूर पाठवलेल्या वाळक्या सालीपेक्षा बागेपासून तासाभरात आलेली ओली साल इथे मोलाची. काटोलची सोय ती हीच.

आंबिया बहाराची तोड साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाची फेब्रुवारी-मार्च. याच महिन्यांत काम धरावे. फळगळीतली फळेही चालतात, मात्र ती त्याच दिवशी पडलेली असावीत. बुरशी लागलेल्या सालीतले सेल्युलोज आधीच खाल्लेले असते.

साहित्य

सालीसाठी :
- ताजी संत्र्याची साल २५० ग्रॅम
- लिंबूसत्त्व (सायट्रिक अॅसिड) ५० ग्रॅम
- कॉस्टिक सोडा १०० ग्रॅम
- औषधाच्या दुकानातले ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, १ लिटर
- ऊर्ध्वपातित पाणी, १० लिटरचा कॅन

जेलसाठी :
- पॉलिव्हिनाइल अल्कोहोल (पीव्हीए) ५० ग्रॅम, पाकिटावर ‘९८–९९ टक्के हायड्रोलाइज्ड’ असे लिहिलेले

उपकरणे : ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, पीएच पट्ट्या, २ लिटरचे काचेचे चंचुपात्र किंवा स्टीलचे पातेले, मलमलीचे दुहेरी फडके, तापमापक, हवा गरम करून वाळवणारी भट्टी (ओव्हन), मिक्सर, डीप फ्रीझर, १५ सेंटिमीटर चौरस तळाचे पाच सपाट झाकणाचे डबे, व्हर्निअर कॅलिपर. अॅल्युमिनियमचे भांडे कशालाही वापरू नये, कॉस्टिक त्याला खातो आणि हायड्रोजन सुटतो.

पीव्हीए विकत घेताना फसगत होते ती जातीत. गोंदासाठी विकला जाणारा ८७–८९ टक्क्यांचा पीव्हीए स्वस्त असतो, पण गोठवून त्याचे धड जेल होत नाही, कारण साखळ्यांवर उरलेले अॅसिटेट गट त्यांना एकमेकांलगत बसू देत नाहीत. ओळखायची खूण सोपी : जो थंड पाण्यात सहज विरघळतो तो आपल्या कामाचा नाही.

भाग पहिला : साल ते पांढरा लगदा

१. सालीचे देठ आणि डाग काढून टाका. साल धुऊन अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे करा आणि थोड्या पाण्यासोबत मिक्सरमध्ये जाडसर फिरवा. बारीक पेस्ट करू नका, ती फडक्यातून निसटते.

२. हा कीस १ लिटर उकळत्या पाण्यात १० मिनिटे ठेवा, फडक्यात गाळून पिळा. आणखी दोनदा असेच. पहिले पाणी गर्द पिवळे आणि वासाचे निघते. त्यात साखर, रंग आणि सालीचे तेल गेलेले असते. तेल मागे राहिले तर पुढे फेस होतो आणि तंतूंना पाणी नीट भिजवत नाही.

३. १ लिटर पाण्यात २० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा. द्रावणाचा पीएच २ च्या आसपास यायला हवा. त्यात कीस घालून ८५ ते ९० अंश सेल्सिअसला एक तास ठेवा, मधून मधून ढवळा. द्रव हळूहळू लापशीसारखा दाट होतो, तेच सुटलेले पेक्टिन. गरम असतानाच गाळा, थंड झाल्यावर फडक्यातून उतरत नाही. गाळलेला द्रव फेकू नका. त्यात दुप्पट अल्कोहोल घातले की पेक्टिनच्या गाठी तरंगतात, तो वेगळा प्रयोग होतो.

४. कीस दोनदा गरम पाण्याने धुवा. पेक्टिनचा थोडा अंश राहिला तरी बिघडत नाही. त्याच्यावरील ऋण प्रभारामुळे तंतू एकमेकांपासून दूर राहतात.

५. आता कॉस्टिकचे पाणी. १ लिटर थंड पाण्यात ४० ग्रॅम कॉस्टिक सोडा थोडा थोडा टाकत ढवळा. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचे नाही. भांडे हाताला चटका बसेल इतके तापते. चष्मा आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय या पायरीला हात लावू नये. कीस त्यात घालून ८० अंशांवर दोन तास ठेवा. हेमिसेल्युलोज आणि उरलेले बरेचसे पेक्टिन यात निघते, द्रव तपकिरी होतो.

६. गाळा आणि धुण्याच्या पाण्याचा पीएच ७ ते ८ येईपर्यंत धुवा. पाच-सहा पाणी लागतात. इथे घाई केली तर पुढच्या पायरीचा पीएच हाताबाहेर जातो.

७. शुभ्र करण्यासाठी ५०० मिलि पेरॉक्साइडमध्ये तेवढेच ऊर्ध्वपातित पाणी मिसळा, म्हणजे ३ टक्के होईल. चमचाभर कॉस्टिकच्या पाण्याने पीएच ११ करा. कीस घालून ६० अंशांवर एक तास ठेवा. ऑक्सिजन सुटतो आणि फेस वर येतो, म्हणून भांडे निम्मेच भरा आणि झाकण घट्ट लावू नका. नळाच्या पाण्यातल्या लोहामुळे पेरॉक्साइड आधीच फुटून जाते, म्हणून ही पायरी ऊर्ध्वपातित पाण्यातच. रंग फिकट पिवळा राहिला तर उरलेले पेरॉक्साइड घेऊन पुन्हा एकदा.

कपड्याचे ब्लीच, म्हणजे हायपोक्लोराइट, इथे वापरायचा मोह टाळा. लिंबूसत्त्वाचा अंश राहिलेल्या लगद्यात ते पडले तर क्लोरीन वायू निघतो.

८. शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा धुवा. फडक्यात पिळून जो उरतो तो दह्याच्या चक्क्यासारखा पांढरा, ओला लगदा. झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि आठवड्याच्या आत वापरा. फ्रीझरमध्ये ठेवू नका.

९. लगद्यात कोरडा भाग किती, ते काढा. १० ग्रॅम ओला लगदा १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. उदाहरणार्थ ०.८० ग्रॅम उरले तर लगदा ८ टक्क्यांचा. ही एकच चिमूट वाळवायची, बाकीची ओलीच. पुढचे सगळे हिशेब या आकड्यावर चालतात.

भाग दुसरा : लगदा ते नॅनोतंतू

१०. ३ ग्रॅम कोरड्या वजनाइतका लगदा घ्या. लगदा ८ टक्क्यांचा असेल तर ३७.५ ग्रॅम. त्यात ऊर्ध्वपातित पाणी घालून एकूण ५०० ग्रॅम करा. हे ०.६ टक्क्यांचे मिश्रण झाले.

११. मिक्सरच्या मोठ्या भांड्यात सर्वांत जास्त वेगाने दोन मिनिटे फिरवा, तीन मिनिटे थांबा. मिक्सर प्रत्यक्ष फिरल्याची एकूण वीस मिनिटे भरली पाहिजेत. मधल्या विश्रांतीत भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवा, मिश्रण ४५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. मिक्सरची मोटर जळण्याचे कारण बहुधा हीच पायरी असते.

मिश्रणात होणारा बदल डोळ्यांना दिसतो. सुरुवातीला पांढरे कण पाण्यात फिरताना दिसतात आणि थांबवले की खाली बसतात. पाच-सात मिनिटांनी द्रव दुधाळ होतो. पंधराव्या मिनिटाच्या पुढे तो दाट होऊन भांड्याच्या कडेला थर धरू लागतो आणि भांडे तिरके केले तर पाण्यासारखा न सांडता सावकाश घसरतो. फक्त ०.६ टक्के घन असलेला द्रव इतका दाट झाला, याचाच अर्थ तंतू सुटले आणि त्यांनी पाण्यात जाळे धरले.

१२. तपासणी : या द्रवाचा थोडा भाग सहापट पाण्यात पातळ करून १०० मिलिच्या मोजनळीत रात्रभर ठेवा. तळाशी जाड थर बसून वर स्वच्छ पाणी राहिले तर तंतू अजून मोकळे झालेले नाहीत, आणखी फिरवा. सगळा स्तंभ सारखा धूसर राहिला तर काम झाले. अंधारात लेझर पॉइंटर टाकल्यास किरणाची रेघ आरपार दिसते.

मिक्सरमधून निघणारा माल एकजिनसी नसतो. नॅनोतंतूंसोबत त्यांच्या जाड जुड्याही असतात. खरी जाडी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीच कळते. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या संस्थेत त्यासाठी विचारणा करावी. तोपर्यंत अहवालात ‘सेल्युलोजचे सूक्ष्म व नॅनो तंतू’ असेच लिहावे.

१३. मिश्रणाचे ५० ग्रॅम वाळवून प्रमाण पुन्हा तपासा. ०.३० ग्रॅम यायला हवे.

भाग तिसरा : जेल

तंतूंचा परिणाम कळायचा तर एकच जेल करून चालत नाही. तंतू नसलेले एक आणि वाढत्या प्रमाणाची चार, अशी पाच एकाच दिवशी, एकाच पाकिटातल्या पीव्हीएची करावीत. प्रत्येक जेल १०० ग्रॅमचे, त्यात पीव्हीए १० ग्रॅम. तंतूंचे प्रमाण पीव्हीएच्या वजनावर धरले आहे :

- क : तंतू ० टक्के. पाणी ९० ग्रॅम
- ख : तंतू ०.५ टक्के. तंतुमिश्रण ८.३ ग्रॅम, पाणी ८१.७ ग्रॅम
- ग : तंतू १ टक्का. तंतुमिश्रण १६.७ ग्रॅम, पाणी ७३.३ ग्रॅम
- घ : तंतू २ टक्के. तंतुमिश्रण ३३.३ ग्रॅम, पाणी ५६.७ ग्रॅम
- च : तंतू ४ टक्के. तंतुमिश्रण ६६.७ ग्रॅम, पाणी २३.३ ग्रॅम

१४. आधी तंतुमिश्रण आणि पाणी एकत्र करून पाच मिनिटे चांगले ढवळा. पीव्हीए आधी विरघळवून त्या दाट द्रावणात तंतू टाकले तर गुठळ्या होतात आणि त्या सुटत नाहीत.

१५. मिश्रण थंड असतानाच पीव्हीएची पूड भुरभुरवत घाला आणि अर्धा तास ढवळा. गरम पाण्यात पूड टाकली तर दाण्यांवर चिकट आवरण चढते आणि आत कोरडी पूड राहते.

१६. चंचुपात्राचे भरलेले वजन लिहून ठेवा. तोंडावर झाकण ठेवून उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ९० ते ९५ अंशांवर दीड ते दोन तास सतत ढवळा. ‘क’ नमुना पूर्ण पारदर्शक झाला पाहिजे, तंतूंचे नमुने धूसर राहतील. पुन्हा वजन करा आणि जेवढे पाणी उडाले तेवढे गरम पाणी घाला. ही भरपाई चुकली तर एका जेलमध्ये पीव्हीए जास्त होतो आणि त्याची ताकद तंतूंच्या नावावर जमा होते.

१७. ६० अंशांवर तासभर स्थिर ठेवा म्हणजे बुडबुडे वर येतात. डब्यात सावकाश ओता, थर साधारण ४ मिलिमीटर येईल. झाकण लावा. फ्रीझरमध्ये डबे पाणसळ लावून सपाट ठेवा, नाहीतर पट्टी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ होते.

१८. उणे १८ ते उणे २० अंशांवर १६ तास गोठवा, मग ८ तास वितळू द्या. हे एक आवर्तन. संध्याकाळी पाचला आत, सकाळी नऊला बाहेर, असा क्रम कॉलेजच्या वेळेत बसतो. अशी पाच आवर्तने करा. वितळणे सावकाश झाले तर जेल अधिक बळकट होते, म्हणून डबे उन्हात किंवा पंख्याखाली न ठेवता फ्रिजच्या खालच्या कप्प्यात किंवा थंड खोलीत ठेवा. मार्चनंतर काटोलच्या दुपारी खोलीत वितळवायचे काम नकोच. वीज जाण्याची सवय असेल तर फ्रीझरमध्ये कमाल-किमान तापमापक ठेवा. सर्व पाचही डबे एकाच वेळी, एकाच कप्प्यात असले की निदान वीज गेल्याचा फटका सगळ्यांना सारखा बसतो.

गोठताना काय घडते? बर्फाचे स्फटिक शुद्ध पाण्याचे बनतात आणि पीव्हीएच्या साखळ्या बाजूला रेटतात. त्या दाटीत साखळ्यांचे तुकडे एकमेकांलगत बसून बारीक स्फटिक बनवतात आणि वितळल्यावरही ते टिकतात. जाळ्याच्या गाठी त्याच. कोणतेही विषारी जोडरसायन लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण. सेल्युलोज आणि पीव्हीए या दोघांवरही हायड्रॉक्सिल गट असल्याने तंतू या जाळ्यात हायड्रोजन बंधांनी पकडले जातात आणि चीर पुढे सरकताना आडवे येतात.

१९. पाच आवर्तनांनंतर जेलचे पत्रे डब्यातून सोडवून दोन दिवस ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवा, पाणी दोनदा बदला. जाळ्यात न अडकलेला पीव्हीए निघून जातो आणि सगळे नमुने पाण्याच्या बाबतीत एका पातळीवर येतात. चाचणी याच ओल्या अवस्थेत करायची.

भाग चौथा : ताकद मोजणे

ताणयंत्र नसले तरी अडत नाही. पाण्याची बाटली पुरते.

२०. नव्या ब्लेडने फूटपट्टीच्या कडेला धरून १० मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब पट्ट्या कापा. प्रत्येक जेलच्या दहा. प्रत्येकीची रुंदी आणि जाडी तीन ठिकाणी मोजून सरासरी घ्या. मधल्या भागात ३० मिलिमीटर अंतरावर पेनाने दोन खुणा करा.

२१. ओले जेल चिमट्यातून निसटते. कागदी चिमट्याच्या आत दोन्ही बाजूंनी पॉलिश पेपरचा तुकडा खरखरीत बाजू जेलकडे करून ठेवा. वरचा चिमटा स्टँडला आणि खालच्या चिमट्याला रिकामी प्लॅस्टिकची बाटली टांगा. चिमटा आणि बाटली यांचे वजन आधी करून ठेवा.

२२. बाटलीत मोजनळीने पाणी सोडत जा. १ मिलि म्हणजे १ ग्रॅम. एकूण भार १०० ग्रॅम झाला की खुणांमधले अंतर मोजा. मग पट्टी तुटेपर्यंत भार वाढवा. प्रत्येक जेलच्या पाच पट्ट्या अशा तोडा. चिमट्याशीच तुटलेली पट्टी मोजणीत धरू नका.

हिशेब असा. पट्टी १० × ४ मिलिमीटर, म्हणजे छेद ४० चौरस मिलिमीटर. ६०० ग्रॅमला तुटली तर बल ५.८८ न्यूटन, आणि ५.८८ भागिले ४० म्हणजे ०.१४७ मेगापास्कल, अर्थात १४७ किलोपास्कल. ही तुटण्याची ताकद. १०० ग्रॅमला खुणांमधले अंतर ३० चे ३६ मिलिमीटर झाले तर लांबीतली वाढ मूळ अंतराच्या ०.२ पट, ताण २४.५ किलोपास्कल, म्हणून ताठपणा सुमारे १२२ किलोपास्कल. आकडे फक्त हिशेबाच्या नमुन्यासाठी आहेत, आपले आपण काढावेत.

२३. उरलेल्या पाच पट्ट्यांच्या कडेला मध्यभागी २ मिलिमीटरची चीर द्या आणि हीच चाचणी करा. चिरलेल्या आणि अखंड पट्टीच्या ताकदीचे गुणोत्तर काढा. तंतूंचा खरा कस इथे लागतो, कारण रोजच्या वापरात जेल तुटते ते चिरेपासूनच.

२४. प्रत्येक जेलचा एक तुकडा ओला आणि वाळवून तोलून पाण्याचे प्रमाण काढा. एखाद्या जेलची ताकद वाढली आणि पाणी मात्र बरेच कमी झाले असेल, तर ताकद तंतूंमुळे आली की पाणी कमी झाल्यामुळे, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर दिल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये.

सर्वसाधारणपणे दिसते ते असे : तंतू वाढवत गेले की ताठपणा वाढतो, ताकद एका प्रमाणापर्यंत वाढून नंतर घसरते, आणि लांबण्याची क्षमता थोडी कमी होते. घसरणीचे कारण गाठी. तंतू एकमेकांत गुंतून पुंजके झाले की तो पुंजका मजबुती न देता चिरेला सुरुवात करून देतो. म्हणून ‘जितके जास्त तितके बरे’ हा हिशेब इथे चालत नाही. योग्य प्रमाण तुमच्या लगद्याचे, तुमच्या मिक्सरचे असते आणि ते पाच नमुन्यांच्या आलेखावरच सापडते.

बिघडले तर

- *पाच आवर्तनांनंतरही जेल चिकट, बोटाला लागते :* पीव्हीए चुकीच्या जातीचा, किंवा फ्रीझर उणे १५ च्या वरच राहतो.
- *जेलमध्ये पांढरे ठिपके :* तंतू आधी पाण्यात नीट मिसळले नाहीत, किंवा लगदा कुठेतरी वाळला होता.
- *‘क’ नमुनाही पारदर्शक झाला नाही :* पीव्हीए पूर्ण विरघळला नाही, ९० अंशांवर वेळ वाढवा. गोठवल्यानंतर ‘क’ दुधाळ दिसतो, ते मात्र बरोबर आहे.
- *एकाच जेलच्या पट्ट्यांचे आकडे फार विखुरलेले :* बुडबुडे, बोथट ब्लेड किंवा तिरपा डबा.
- *तंतुमिश्रणाला आंबूस वास :* टाकून द्या. फ्रिजमध्येही बुरशी धरते.

खबरदारी आणि विल्हेवाट

कॉस्टिकचे आणि लिंबूसत्त्वाचे सांडपाणी वेगवेगळ्या बादल्यांत साठवा. शेवटी एकमेकांत सावकाश मिसळून पीएच ६ ते ८ आणा आणि मगच नाल्यात सोडा. पेरॉक्साइडचे पाणी उघड्यावर ठेवले की सावकाश फुटून जाते. रासायनिक प्रक्रियेसाठी वापरलेले मिक्सरचे भांडे पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचे नाही.

हे जेल जखमेवर लावू नये. वैद्यकीय वापराला निर्जंतुकीकरण, शुद्धतेच्या चाचण्या आणि परवानगी लागते, त्यातले काहीच इथे नाही. शेतात पाणी धरण्यासाठीही ते नव्हे. तिथे लागणारी पूड स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी शोषते, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ‘पुसा हायड्रोजेल’ त्या जातीचे आहे. गोठवलेल्या पीव्हीएच्या जेलचा गुण पाणी शोषण्यात नाही, आकार आणि लवचीकपणा टिकवण्यात आहे.

ज्या कॉलेजात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आणि एक डीप फ्रीझर आहे, तिथे हा प्रकल्प दोन-तीन विद्यार्थ्यांच्या गटाला एका सत्रात पुरा करता येतो. महागडे काहीच नाही, फक्त शिस्त लागते : साल ओली ठेवणे, उडालेले पाणी वजन करून भरणे आणि बिनतंतूंचा नमुना प्रत्येक वेळी सोबत करणे. रसाच्या गाड्यावरची आणि बागेतल्या गळीची साल आज उकिरड्यावर जाते. येत्या आंबिया बहाराला त्यातली पाव किलो प्रयोगशाळेत आणा, पाचही नमुन्यांचे आकडे वहीत नीट नोंदवा, आणि जे आले ते, घसरलेल्या आकड्यांसकट, प्रसिद्ध करा.